ओढ्यातली भिंत

ओढ्याच्या काठी पहिला रांजण पुरला तो निळ्याने. त्याचे खरे नाव त्याच्या हयातीतच लोक विसरले. कोपरापर्यंत निळे हात घेऊन हिंडणाऱ्याला दुसऱ्या नावाची गरजही नव्हती. निळ्याचा मुलगा मुका. तो मुका मुळीच नव्हता. पण निळीचा रांजण ढवळताना बोलले तर नीळ फाटते अशी त्याची समजूत होती, आणि दिवसभर तो रांजणच ढवळत असे. त्याने दुसरा रांजण पुरला. मुक्याचा मुलगा तिरशिंगराव. बापाने जन्मभर वाचवलेले सगळे शब्द याने एकट्याने उधळले, आणि त्यांतला एकही गोड नव्हता. त्याने तिसरा रांजण पुरला, पहिल्या दोघांच्या दुप्पट. आणि घरात जागा नव्हती म्हणून ती ओढ्याकडून घेतली. या तिरशिंगरावाची मोठी मुलगी ती थोरली. लग्न होऊन गेली, नवरा वारल्यावर परत आली, आणि आल्या दिवसापासून रांजणांची काठी तिच्या हातात राहिली.

जागा ओढ्याकडून घेतली ती अशी. एका पावसाळ्यात रंगारघराची मागची भिंत वाहून गेली. शहर लहान, लोक एकमेकांच्या अडीनडीला धावणारे. तिथली रीत सरळ होती : तुझ्या घराला माझा हात लागला तर माझ्या कामाला तुझा हात लागला पाहिजे, मजुरी नाही, उपकारही नाही. घराघरातून माणसे आली. दगड रचायला वरच्या आळीचा गवंडी आला. पाया आखायची वेळ आली तेव्हा तिरशिंगरावाने दोरी उचलली आणि तीन हात पुढे, थेट ओढ्याच्या पात्रात नेऊन धरली.

"ओढ्याची जागा ओढ्याला लागते," गवंडी म्हणाला.

"तू मजूर आहेस," तिरशिंगराव म्हणाला, "मजुरासारखं रच."

गवंडी मजुरीने आला नव्हता. सगळ्यांसमोर त्याने खाली मान घातली, भिंत शेवटच्या थरापर्यंत रचली, हात धुतले आणि वर निघून गेला. तो पुन्हा ओढ्याच्या खालच्या अंगाला कधी उतरला नाही. पुढल्या वर्षी रस्त्याच्या कामाला शहराने हाक दिली तेव्हा रंगारघरातून कोणी गेले नाही. त्याच्याही पुढल्या वर्षी नाही. तेव्हापासून त्या घराच्या दारात कोणाचा हात आला नाही; छप्पर शाकारायचे असो की मयत उचलायचे असो, रंगाऱ्यांचे रंगाऱ्यांनी पाहावे. खालच्या आळीत रंगाऱ्यांची आणखी घरे होती. ती एकेक करून उठून गेली आणि हे एकच उरले.

गेल्या पावसाळ्यात ओढा उलटला. पाणी बाजारात शिरले, गुळाची पोती विरघळली, दवाखान्यात खाटांखाली गाळ साचला, आणि गाळामागून ताप आला. त्या तापात गेलेली माणसे अजून घराघरांत आठवली जात होती. तेव्हा या वर्षी, आभाळ भरून यायच्या आत, शहरातली मंडळे पहिल्यांदाच एका छपराखाली बसली. वरच्या आळीचे मंडळ, बाजाराचे मंडळ आणि बायकांचे मंडळ. बैठक शाळेच्या पडवीत होती. थोरली मागच्या खांबाला टेकून उभी राहिली. बस असे तिला कोणी म्हटले नाही आणि तिनेही वाट पाहिली नाही.

आता वरच्या आळीचा पुढारी त्या जुन्या गवंड्याचा मुलगा होता. तोही गवंडीच, बापासारखाच रुंद आणि कमी बोलणारा. त्याने जमिनीवर काठीने ओढा काढला.

"वरचा भाग आमचा. मधला बाजाराचा. त्याच्याखाली दवाखान्यापर्यंत बायकांचा. आणि सगळ्यात खाली रंगारघर. काम खालून सुरू करावं आणि वर यावं. पाण्याला आधी वाट, मग पाणी."

"म्हणजे आम्ही आमचं दार सोडून रंगाऱ्यांचं दार आधी खणायचं?" बाजाराचा वाणी म्हणाला. त्याला हसवायची सवय होती आणि हसण्यात माप मारायचीही. "त्यापेक्षा मी माझ्या सासुरवाडीचं खणीन. तिथं निदान चहा तरी देतात."

पडवी हसली.

"माझ्या बायका आपल्या दारापासून सुरुवात करतील," बायकांच्या मंडळाची सुईण म्हणाली. तिने अर्ध्या शहराला हातावर झेललेले होते आणि उरलेल्या अर्ध्याला ती त्यांच्या आयांच्या तोंडावरून ओळखे. "दुसऱ्याच्या दारात आधी घाम गाळायला त्यांना सांगू तर मलाच घमेल्यात घालून टाकतील."

गवंड्यानेही फार ताणले नाही. खालून सुरुवात म्हणजे रंगारघरापासून सुरुवात, आणि त्या दारात जायला तोही उत्सुक नव्हता. अशा रीतीने सगळ्यांना ठाऊक असलेली चूक सगळ्यांनी मिळून केली : जो तो आपल्या दारापासून खणायला लागला.

"आणि खालचं?" थोरलीने मागून विचारले.

गवंड्याने तिच्याकडे पाहिले नाही. जमिनीवरच्या ओढ्यात एका जागी काठी टेकवून तो म्हणाला, "खाली भिंत आहे. ती ओढ्यात आहे. ती निघाली तर खालचा भाग मोकळा होईल, नाही तर वरचं सगळं खणून काही उपयोग नाही. भिंत ज्यांची त्यांनी बघावं."

"भिंत काढली तर मागं लगेच दुसरी उभी करावी लागेल. नाही तर पावसात रांजण उघडे पडतील. आम्ही तिघं माणसं."

"हात लागतील," वाणी म्हणाला, "पण रंगारीणबाई, हात उसने मिळतात ते फेडणाऱ्याला. तुमच्या घरानं नेलेले हात अजून वाटेतच आहेत. आधी ते येऊ देत, मग पुढचे पाठवू."

या वेळी पडवी हसली नाही. ते थोरलीला जास्त लागले.

घरी भाऊ कुदळीचा दांडा ठोकून बसवत होता. भाऊ धाकटा, पाठीच्या दुखण्याने वाकलेला. त्याची बायको रांजणातून कापड वर काढत होती. कापड निळीतून बाहेर येते तेव्हा हिरवे असते, आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळे होत जाते. भावजयीला या घरात येऊन वर्षे झाली होती, तरी दर वेळी ती क्षणभर थांबून ते पाहत असे.

"काय म्हणाले, वन्सं?"

"भिंत काढा म्हणाले."

आतल्या खाटेवरून तिरशिंगरावाचा आवाज आला. सांध्यांनी जखडलेला म्हातारा उठू शकत नव्हता. पण कान शाबूत होते आणि जिभेला कधीच वात आला नव्हता. "कोण काढणार? गवंड्याचं पोर? त्याला म्हणावं, हात लावून बघ. तिसरा रांजण या घराला जेवू घालतो. पहिले दोन बापजाद्यांची आठवण आहेत. भिंत गेली तर मोठा रांजण गेला."

"आबा, भिंत राहिली तर सगळं घर जाईल."

"आपण कोणाचे मिंधे नाही."

"आहोत," थोरली म्हणाली, आणि हातातली काठी तिने रांजणाच्या तोंडावर आडवी ठेवली. असे ती बापाला कधी बोलली नव्हती. भावजयीने हातातले कापड पुन्हा रांजणात बुडवले, कारण काही तरी करणे भाग होते.

मग खणायचे दिवस सुरू झाले. तिघांनी आपल्या भागात कुदळ घातली. निळीत घालायचा चुना वर्षानुवर्षे ओढ्यात जाऊन गाळावर त्याची साय धरली होती. वरून दगडासारखी, आत शेणासारखी मऊ. कुदळ आधी झणकून हातात परत येई आणि मग एकदम खचकन रुते. भावजय घमेली भरी, थोरली काठावर नेऊन ओती. ओतलेल्यातले निम्मे पुन्हा घसरून खाली येई, कारण काठालगत उभी असलेली भिंत पात्राला कोपराने रेटत होती आणि गाळ टाकायला जागाच नव्हती. दुपारपर्यंत भावाची पाठ धरली. तो ओल्या गाळात गुडघ्यांवर बसला आणि तसाच बसून राहिला. त्याच्या बायकोने त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवले, तेव्हा तो रागावला. आपल्या माणसाला उचलावे लागले की पुरुष रागावतातच.

वरून आवाज येत. वरच्या आळीत पन्नास हात एका तालात खणत. बाजाराच्या भागात वाण्याने हमालांना लावले होते आणि स्वतः छत्री धरून उभा होता, तरी त्याच्या शिव्यांनी काम चालत होते. बायकांचा भाग सर्वांत स्वच्छ; त्यांनी काठही सारवल्यासारखा घोटला होता. एकेक भाग मोकळा होत आला. ओढा वरून खाली असा उघडत होता की पाहणाऱ्याला कौतुक वाटावे. आणि थोरलीला तो एखाद्या नळीसारखा दिसत होता, जिचे खालचे तोंड तिच्या घरात होते.

एका सकाळी दूरच्या टेकड्यांवर पाऊस झाला. शहरात थेंबही नव्हता. पण मोकळ्या झालेल्या ओढ्यातून पाणी एवढ्या वेगाने आले की पूर्वी ज्याला अर्धा दिवस लागे ते पेला भरावा तसे आले. ते भिंतीला थडकले, तिथेच फिरत राहिले, चढले, आणि रंगारघराच्या उंबऱ्याला लागून थांबले. तिघेजण उंबऱ्याच्या आत उभे राहून पाण्याकडे पाहत होते. पाणी हळूहळू उतरले. उंबऱ्यावर बोटभर गाळाची रेघ राहिली. भावजयीने ती पुसली.

"हे नुसतं टेकडीवरचं," भाऊ म्हणाला. "ताई, इथं आभाळ फुटलं तर?"

थोरलीने फावडे उचलले, खांद्यावर टाकले आणि ती ओढ्याच्या काठाने वर निघाली.

"कुठं?"

"बाजारात."

"आपलं घर बुडतंय आणि तू लोकांचा गाळ उपसायला निघालीस?"

"हो."

"घरचं झालं थोडं!" भाऊ ओरडला. ते अर्धेच राहिले. त्याला म्हणीचा पुढचा भाग सुचला नाही की रागाने गिळला, कोण जाणे.

बाजाराच्या भागात दुकानांच्या पायऱ्यांखालून एक मोरी जात होती. सगळ्या बाजाराचे सांडपाणी तीत येऊन तुंबले होते आणि हमालांनी ती शेवटासाठी राखून ठेवली होती. वाण्याने छत्री मागे कलती करून थोरलीला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"काय, उसनं न्यायला की उसनं द्यायला?"

"फेडायला. मागायला नाही."

"आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा!" तो हमालांकडे वळला. "अरे, बाईमाणूस आहे, त्यांना सावलीतलं काम द्या. मोरी सावलीत आहे."

हमाल हसले. थोरलीने मोरीच्या तोंडाशी पाहिले, डोक्याला फडके बांधले आणि ती पोटावर आडवी होऊन आत शिरली. आत अंधार, वास आणि डोक्याला लागेल एवढ्या उंचीवर दगडांच्या पायऱ्या. ती फावड्याच्या पात्याने ओढी आणि मागे सारी. पायांशी कोणीतरी घमेले ओढून घेई. दम घ्यायला ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावर फक्त डोळे उरले होते. पाणी मागितले तर एका हमालाने तांब्या जमिनीवर ठेवला आणि तो दोन पावले मागे सरकला. तिने तांब्या उचलला, पाणी प्याली, आणि तांब्या होता तिथेच ठेवला. भांडे घासायला नेताना त्याने ते बोटांच्या टोकांनी धरले होते. निळा रंग धुऊन जात नाही हे सगळ्या शहराला माहीत असले तरी तो दुसऱ्याला लागत नाही हे अजून कोणाला पटलेले नव्हते.

ती दुसऱ्या सकाळीही आली, तेव्हा तिच्यामागे भावजय होती. घरात नवऱ्याशी काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही. गालावर आसू सुकलेले होते आणि हातात घमेले होते.

"तू कशाला आलीस गं?"

"वन्सं, तुम्ही आत ओढाल आणि पायाशी परकी माणसं असतील. ते मला बरं दिसेना."

दोघींनी मोरी संपवली. वाण्याने वाकून आरपार पाहिले; पलीकडच्या टोकाला उजेड दिसत होता. त्याची छत्री केव्हाच मिटली होती.

"बाजाराचं फिटलं," तो म्हणाला. एवढे बोलायला त्याला बराच वेळ लागला, कारण त्यात हसण्यासारखे काही सापडेना.

बायकांच्या भागात सुईणीने तिची फिरकी घेतली नाही; तिचा स्वभाव तसा नव्हता. दवाखान्यामागे काठ खचला होता. तिथे दगड पोटाला धरून खाली नेऊन बसवायचे होते. बायका रांगेत उभ्या होत्या आणि दगड हातोहात उतरत होता. थोरलीला रांगेत उभे केले तेव्हा तिच्या आधीची बाई दगड तिच्या हातात न देता तिच्या पायांशी ठेवू लागली. दर वेळी वाकून उचलावा लागे.

सुईणीने दोन-तीन दगड पाहिले. मग तिथे येऊन म्हणाली, "काय गं, तुझं पोर मी उपसलं तेव्हा माझे हात कसले होते? गुलाबपाण्याचे?"

बाई लालबुंद झाली. पुढचा दगड हातात आला.

संध्याकाळी सुईण थोरलीजवळ बसली. दोघींच्या पायांना चिखल होता आणि दोघींनाही उठवत नव्हते.

"थोरले, माझ्या बायकांचं फिटलं असं धर. पण एक सांग, तू सगळीकडं फेडत हिंडतेस आणि तुझ्या दाराशी गाळ तसाच. आभाळ बघितलंस?"

"बघितलं."

"भीती वाटत नाही?"

"वाटते. रांजणापाशी बसलं की वाटते, निजलं की वाटते. काम करताना जरा कमी वाटते."

"मग आमच्याकडं माग ना. आता मागायला तोंड आहे तुला."

"अजून नाही. वरची आळी राहिली."

वरच्या आळीचा भाग संपलेला होता. थोरली गेली तेव्हा माणसे कुदळी धुऊन भिंतीला लावत होती. काठ सरळ, तळ सपाट, पाण्याचा नुसता पातळ पदर वाहत होता. गवंडी एका दगडावर बसून पहारेचे टोक घासत होता.

"हात परत करायला आले," ती म्हणाली.

"काम संपलं आमचं."

"काही तरी असेल. कुंपण, छप्पर, काहीही."

"थोरले, तू बाजाराची मोरी काढलीस, ऐकलं मी. सुईणीकडं दगड उचललेस. तुझ्याविषयी माझ्या मनात काही नाही." तो पहारेवरून नजर न काढता बोलत होता. "पण माझ्या बापाचा जो हात तुमच्या घरात गेला, तो एक दिवसाचा नव्हता. सबंध भिंतीचा होता. आणि वर 'मजूर' म्हणवून घेऊन आला तो. जेवताना भिंतीकडं तोंड करून बसायचा. ते मी कुठल्या कुंपणात घालून फेडून घेऊ, तूच सांग."

ती परत निघाली. फावडे खांद्यावर होते आणि जन्मात कधी एवढे जड वाटले नव्हते.

दुसऱ्या दुपारी आभाळ फुटले.

आधी वारा आला आणि दोऱ्यांवरची निळी कापडे एका बाजूला ताठ झाली. भावजय ती ओढून काढत असतानाच थेंब पडू लागले. मोठे, विरळ, जमिनीवर पैशासारखे उमटणारे. मग विरळही राहिले नाहीत. भावाने दोन जुन्या रांजणांवर फळ्या टाकल्या. मोठ्या रांजणावर फळ्या पुरत नव्हत्या. थोरली भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि तिने वर ओढ्याकडे पाहिले.

सगळ्या मंडळांनी उत्तम काम केले होते. त्याची साक्ष आता मिळत होती. पाणी कुठे अडखळत नव्हते, कुठे पसरत नव्हते. सरळ, तपकिरी, माणसाच्या छातीएवढे उंच, ते रंगारघरावर चालून आले. भिंतीला थडकले तेव्हा घराच्या भांड्यांनी आवाज केला. पाणी मागे फिरले, आणि फिरलेले पाणी दवाखान्याच्या काठाला जाऊन चढू लागले, जिथे बायकांनी बसवलेले दगड अजून नीट मुरलेही नव्हते. वरून कोणाचा तरी किंचाळल्यासारखा आवाज आला. इथे उंबऱ्यावरून पहिली जीभ आत आली आणि जमिनीवर रांगत खाटेच्या पायाशी गेली.

"फळ्या! आणखी फळ्या आण!" भाऊ ओरडत होता.

थोरलीने कोपऱ्यातली पहार उचलली.

"ताई!" भावाच्या लक्षात आले. "ताई, मागं भिंत नाही! ही गेली तर सगळं उघडं पडेल! मोठा रांजण—"

"मोठा रांजण ओढ्याच्या जागेत आहे."

"आणि उद्या खायचं काय? कोण येणार आहे नवी बांधायला? तो गवंडी? त्यानं तुला रिकाम्या हातानं परत पाठवलं!"

"कोणी येवो न येवो," ती म्हणाली, आणि तिने पहार भिंतीच्या बुडात घातली.

पहार खणकन उलटली. दगड हलला नाही. तिने दुसऱ्यांदा घातली; मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. पावसाने डोळे उघडत नव्हते. तिसऱ्यांदा घालणार तोच आतून बापाचा आवाज आला. पाऊस, पाणी, भाऊ, सगळ्यांच्या वरून.

"बुडात नको! बुडात हात घालशील तर अंगावर घेशील! वरून काढ! वरचा थर आधी!"

ती थबकली. खाटेवर म्हातारा कोपरावर उठला होता. त्याच्या खाटेखालून पाणी वाहत होते.

"ऐकू येतं का? डाव्या अंगाने सुरू कर! उजवा कोपरा तुला निघायचा नाही, तो त्याने मोठ्या दगडांत गुंफलाय! मी बघत होतो ना तो रचताना!"

थोरली भिंतीला टेकवलेल्या फळीवर चढली आणि डाव्या अंगाने वरच्या थराच्या सांध्यात तिने पहार सारली. पहिला दगड निघाला. ओढ्यात पडला तेव्हा पाण्याने त्याचा आवाजही होऊ दिला नाही. दुसरा. तिसरा. भाऊ क्षणभर पाहत राहिला. मग वाकलेल्या पाठीने तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि सुटलेला दगड हातांनी ढकलू लागला. भावजय त्याच्या कमरेला धरून होती, नाही तर तोच गेला असता.

थर उतरत गेला तसे पाणी वरून आत पडू लागले. मोठ्या रांजणाच्या तोंडावर ते कोसळले. निळीवरचा तांबूस फेस फुटला, गढूळ झाला, आणि रांजण काठोकाठ भरून वाहू लागला. भिंतीच्या खिंडारातून निळी धार बाहेर पडली आणि तपकिरी पाण्यात एक लांब पट्टा उमटत खाली गेला. तिकडे पाहायला सवड नव्हती, ही त्यातल्या त्यात दया.

उजव्या कोपऱ्यापाशी पहार थांबली. म्हातारा खोटे बोलला नव्हता. तो कोपरा हलेना. पाणी मोकळ्या बाजूने जात होते, पण कोपऱ्याशी वळून अजून मागे फिरत होते, आणि थोरलीच्या हातांत जोर उरला नव्हता. ती पहारेवर छाती टेकून उभी राहिली.

तेव्हा काठावर माणसे दिसली. पुढे सुईण, गुडघ्यापर्यंत कपडे खोचून. मागे तिच्या बायका, फावडी घेऊन. त्या काही न विचारता गाळात उतरल्या आणि भिंतीच्या बुडाशी खणू लागल्या. त्यांच्यामागे वाणी, छत्रीशिवाय, हमालांना घेऊन.

"माझ्या दुकानात पाणी आलंय म्हणून आलोय," तो ओरडला. "उगाच गैरसमज नको!"

सर्वांत मागे गवंडी. तो फळीवर चढून कोपऱ्याशी आला आणि त्याने ओल्या दगडांवरून तळहात फिरवला. एक दगड खालच्यात कसा अडकवला आहे, तो वरच्याला कसा धरून आहे, हे त्याने हाताने पाहिले. बराच वेळ पाहिले. मग स्वतःची पहार एका सांध्यात नुसती उभी केली.

"इथं," तो थोरलीला म्हणाला. "पण जोर तू लाव. मी लावणार नाही."

तिने त्याच्या पहारेला हात घातला. भाऊ, भावजय, तिघांनी मिळून भार टाकला. आधी काही झाले नाही. मग आतून दात उपटावा तसा आवाज आला, कोपरा फिरला आणि सगळा एकदम खाली गेला. पाणी मागे फिरायचे थांबले. ते क्षणभर पसरले, मोकळी जागा चाचपली, आणि आपल्या वाटेने निघून गेले. दवाखान्याच्या काठावरचे पाणी उतरू लागले. उंबऱ्यातले उलट्या दिशेने बाहेर वाहू लागले. फळ्यांखालचे दोन रांजण तसेच होते. पाणी त्यांच्या ओठांपर्यंत येऊन परतले होते.

आता घराला मागची बाजूच नव्हती. खाट, चूल, रांजण, वळणीवरची कापडे, सगळे शहराला दिसत होते. आणि खाटेवरच्या म्हाताऱ्याला सगळे शहर दिसत होते. तो गवंड्याकडे पाहत होता. बायका खणायच्या थांबल्या.

"तुझ्या बापाने चांगली बांधली होती," तिरशिंगराव म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा खाली होता, पण शब्द चिरलेले नव्हते. "मी बघत होतो. असा कोपरा मी पुन्हा कुठं बघितला नाही. तो मजूर नव्हता. जागा मी चुकीची दाखवली."

गवंड्याने पहार थोरलीच्या हातातून घेतली. ओढ्याच्या मोकळ्या पात्राकडे पाहिले, तिथून काठाकडे, जिथे भिंत मुळातच असायला हवी होती. जणू कोणी दोरी धरली आहे अशी त्याची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली.

"दगड फार लांब गेले नसतील," तो म्हणाला. "उतरलं की निघतील. पाया इथून घ्यावा लागेल."

"मी विचारलं ते सांग," म्हातारा म्हणाला. त्याने काहीच विचारले नव्हते. पण त्या घरात आजवर कोणी ते त्याच्या लक्षात आणून दिले नसते, आणि गवंड्यानेही दिले नाही.

"फिटलं, आबा."

"सगळं?"

"सगळं."

म्हाताऱ्याने हळूच मान टेकली. पाऊस सरळ खाटेवर येत होता.

"मग आत ये," तो म्हणाला. "बाहेर भिजतोस कशाला?"